पुढच्या सीटवरचे साडू

जी गोष्ट आपल्या मालकीची नाही, कधी नव्हती आणि कधी होण्याची सुतराम शक्यता नाही, तिच्यासाठी माझ्या साडूंइतका संताप साऱ्या सिंगापुरात कोणी केला नसेल. सिंगापूरच कशाला, ज्या अमेरिकेत ती गाडी बनत होती तिथेही कोणी केला नसेल. आणि केला असता तर ती कंपनी बुडालीच नसती, असं ते स्वतः सांगत. माझे साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे औरंगाबादचे, शिक्षणाने इंजिनियर. आंग मो किओच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक चिपा का मरतात हे शोधून काढायची त्यांची नोकरी. मेलेली चिप आणायची, चिरायची, भिंगाखाली धरायची आणि ती कोणाच्या चुकीने मेली ते लिहून द्यायचं. दिवसभर हे काम करणारा माणूस संध्याकाळी घरी आल्यावर शांत बसेल अशी अपेक्षा करणं चूकच. पण माझं म्हणणं एवढंच होतं की त्यांनी सेरंगूनला, स्वतःच्या फ्लॅटमध्ये, स्वतःच्या बायकोसमोर अशांत व्हावं. दर रविवारी सेंगकांगला माझ्याकडे येऊन कशाला?

ही गाडी म्हणजे एका अमेरिकन कंपनीची. नाव मी सांगत नाही, कारण नाव काढलं की अजून माझ्या कानात त्यांचं व्याख्यान सुरू होतं. लांबलचक, रुंद, नाक दुभागलेली, आणि पोटात असं इंजिन की म्हणे चालू केलं तर शेजारच्या घरातली भांडी वाजावीत. माझ्या साडूंकडे ती नव्हती. त्यांच्याकडे कुठलीच गाडी नव्हती. सिंगापुरात गाडी घेण्याआधी गाडी घेण्याचा कागद घ्यावा लागतो, आणि तो कागद दहा वर्षांनी संपतो, म्हणजे मग गाडी धडधाकट असली तरी तिचं काय करायचं हा प्रश्नच. त्यातून यांची गाडी डाव्या स्टिअरिंगची, आणि डाव्या स्टिअरिंगची गाडी इथे रस्त्यावर आणायला मनाई. एवढं सगळं ठाऊक असून या गृहस्थांनी आल्या आल्या ड्रायव्हिंग लायसन्स काढलं होतं आणि ते पाकिटात पहिल्या कप्प्यात ठेवलं होतं. मी एकदा म्हटलं, "अहो, गाडी नाही, तर लायसन्स कशाला?" तर म्हणाले, "साडू, तुम्ही छत्री पाऊस आल्यावर विकत घेता का?" मनातल्या मनात मी त्यांना दोन दिवस उत्तरं देत होतो.

टॅक्सीत ते कायम पुढे बसत, ड्रायव्हरशेजारी. मागे तीन जण दाटीवाटीने बसलेले असोत की मागचं सीट अख्खं रिकामं असो, साडू पुढेच. सुरुवातीला इथले टॅक्सीवाले दचकायचे. एक म्हातारे चिनी काका तर इथल्या बोलीतलं शेवटचं 'लाह' लावून म्हणाले होते, "सर, बॅक सीट मोर कम्फर्टेबल, लाह." साडूंनी त्यांना जे उत्तर दिलं ते मला तेव्हा वेडेपणाचं वाटलं होतं. ते म्हणाले, "माणसाला पुढे एकटं बसवून मी मागे बसणार नाही." काकांना इंग्रजीतून काय कळलं कोण जाणे, पण उतरताना त्यांनी साडूंना आपल्या डब्यातलं एक संत्रं दिलं. मला नाही दिलं. मी मागे बसलो होतो ना.

पुढे मी एक लहानशी जपानी गाडी घेतली. सेकंड हँड, लाल पाटीची, म्हणजे संध्याकाळी आणि रविवारी तेवढी चालवायची परवानगी. स्वस्तात पडते म्हणून घेतली. बायकोने पेढे वाटले, मुलीने शाळेत चित्र काढलं. साडू आले, त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "चांगली आहे. कपडे किती धुते एका वेळी?" मला इतका राग आला की मी त्या रविवारी त्यांना चहा उशिरा दिला. आमच्या मल्टिस्टोरी कार पार्कमध्ये ते दर आठवड्याला फेरफटका मारायचे, हात मागे बांधून, दवाखान्यात राउंडला निघालेल्या डॉक्टरसारखे. प्रत्येक गाडीपाशी थांबून हळहळायचे. एकदा एका गाडीच्या मालकाने हटकलं, तर त्यालाच त्यांनी वीस मिनिटं समजावून सांगितलं की तुझ्या गाडीला मागे लावलेला हा पंख शोभेचा आहे, त्याने वारा अडत नाही की वळत नाही, तुला फसवलंय. तो बिचारा त्या गाडीवर खूश होता. नंतर तो मला लिफ्टमध्ये भेटला की दुसरीकडे बघायचा.

पण त्यांचा खरा उच्छाद असायचा आमच्या एलआरटीत. सेंगकांगची ही छोटी रेल्वेगाडी इमारतींच्या मधून उंचावरून गोल फिरते आणि परत स्टेशनला येऊन मिळते. तिला ड्रायव्हर नाही. पुढे नुसती काच, आणि काचेशी एक बसायची जागा. वस्तीतल्या सगळ्या पोरांचा त्या जागेवर डोळा, आणि माझ्या साडूंचाही. चाळिशी उलटलेला माणूस आठ-आठ वर्षांच्या मुलांशी त्या जागेसाठी चढाओढ करायचा आणि जिंकायचा. बसल्यावर हात मांडीवर, नजर समोर, आणि दोन्ही पाय चालू. वळण आलं की डावा पाय दाबला जाई, सरळ रूळ आला की उजवा. माझी मुलगी लाजून दुसऱ्या डब्याकडे बघत म्हणायची, "बाबा, काका इज ड्रायव्हिंग द ट्रेन अगेन." आणि एवढं करून उतरल्यावर त्या गाडीलाच शिव्या. "ड्रायव्हर नाही! माणूसच नाही आत! उद्या म्हणतील प्रवासीही नकोत, नुसतीच फिरू दे." सेरंगूनहून येणारी जमिनीखालची गाडीही बिनड्रायव्हरचीच, त्यामुळे माझ्याकडे पोहोचेपर्यंत त्यांचा पारा दोनदा चढलेला असे, आणि उतरायची जागा म्हणजे माझा दिवाणखाना.

तिथे मग कंपनीचा इतिहास सुरू व्हायचा. मला तो इतका पाठ झालाय की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. आधी ही कंपनी म्हणजे पेन्शनीत निघालेल्या लोकांसाठी मऊ गाद्यांच्या गाड्या करणारी. मग तिथल्या काही अवलियांनी वरिष्ठांची नजर चुकवून मोठं इंजिन छोट्या गाडीत बसवलं, आणि पोरं वेडी झाली. इथे साडूंचे डोळे चमकायचे. मग पेट्रोल महागलं, विम्यावाले मागे लागले, सरकारने धुराचे कायदे केले, आणि यांनी इंजिनाचं नाक दाबलं. "नाक दाबून माणूस पळतो का, साडू?" मी मान हलवायचो, नाही पळत. मग इंजिन गेलं आणि बॉनेटवरची चित्रं मोठी झाली. मग दरवाजांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या. इथे त्यांचा आवाज चढायचा आणि बायको आतून खिडकी लावून घ्यायची. आणि शेवटचा घाव म्हणजे, भावकीतल्या दुसऱ्या देशातल्या कंपनीची गाडी आणून हिने तिच्यावर आपला बिल्ला चिकटवला. त्या देशात आपल्यासारखंच उजवीकडे स्टिअरिंग. "उजवीकडचं स्टिअरिंग उपटून डावीकडे बसवलं हो यांनी, अमेरिकेत विकायला! होतं तिथे राहू दिलं असतं तर मी घेतली असती ना!" हे म्हणताना ते माझ्याकडे असे बघायचे की जणू पाना माझ्याच हातात होता.

शेवटी त्यांनी रीतसर तपासणी केली. कारखान्यात चिपेची करतात तशी. लक्षणं, इतिहास, चाचण्या, निष्कर्ष, असा चौदा पानांचा अहवाल. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: "मूळ कारण: कंपनी चालवणाऱ्यांनी गाडी चालवणं सोडलं." मला मान्य करायला जड जातं, पण ओळ चांगली होती. तो अहवाल त्यांनी कंपनीला ईमेलने पाठवला. दुसऱ्या मिनिटाला उत्तर आलं की आमच्या गाड्यांमध्ये रस दाखवल्याबद्दल आभारी आहोत, कृपया आपल्या जवळच्या विक्रेत्याशी संपर्क साधा. जवळचा विक्रेता पॅसिफिक महासागराच्या पलीकडे होता. साडूंनी ते उत्तर छापून फ्रिजवर लावलं आणि महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. मी विचारलं, "अहो, पण तुम्हाला काय त्याचं? आपला काय संबंध?" ते पंखा वाढवायला उठले.

संबंध काय ते मला मेव्हणीने सांगितलं, त्यांनी कधीच नाही. साडूंचे वडील, आबा, हे ड्रायव्हर. मराठवाड्यात एका धरणाचं काम चालू होतं तेव्हा तिथे एक अमेरिकन इंजिनियर आला होता आणि त्याने आपली ही गाडी बोटीने बरोबर आणली होती. आबा त्या गाडीवर. साहेबाला मराठीतले दोनच शब्द येत, 'पाणी' आणि 'दाब'. मोकळा रस्ता लागला की तो म्हणायचा, दाब, आणि आबा दाबायचे. हा साहेब मागे बसत नसे, पुढे आबांच्या शेजारी बसे. एकदा एका गुत्तेदाराने, म्हणजे कंत्राटदाराने, साहेबाला जेवायला बोलावलं. ओसरीवर पाट, ताट, सगळा थाट, आणि आबांना सांगितलं की तू तिकडे गोठ्याच्या कडेला बस, तुला वरून वाढतील. कारण उघड होतं. आबा कोणत्या वस्तीतले ते गावाला माहीत होतं. साहेबाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. स्वतःचं ताट उचललं, चालत गाडीपर्यंत आला, पुढच्या सीटवर बसला, आणि आबांना हाताने खूण केली की तुझं घेऊन ये. त्या दिवशी त्या गावात गाडीच्या पुढच्या सीटवर दोन माणसं शेजारी शेजारी जेवली. मग साहेब म्हणाला, दाब.

आमच्याकडे अशा गोष्टी घरोघर आहेत, माझ्या आजोळीही आहेत, पण त्यातल्या बहुतेकांत कोणी ताट उचलत नाही. मेव्हणी हे सांगत होती तेव्हा त्या गुत्तेदाराच्या नावाने माझं डोकं असं सणकलं की हातातला चहा निवून गेला. आणि पाठोपाठ साडूंचाही राग आला. एवढं होतं तर सांगायचं नाही का? इतकी वर्षं मी त्या माणसाला चहा उशिरा देत होतो.

साडू सिंगापूरला निघाले तेव्हा आबा त्यांना स्टेशनवर सोडायला आले होते, आणि तिथे या शहाण्याने वडिलांना शब्द दिला: "आबा, तीच गाडी घेईन आणि मग तुम्हाला बोलवीन. विमानतळावरून पुढच्या सीटवर बसवून घरी नेईन." तेव्हा यांना ना त्या कागदाची कल्पना होती, ना डाव्या स्टिअरिंगच्या मनाईची. पण शब्द दिला तो दिला. दर रविवारी दुपारी माझ्या घरून, कॉलिंग कार्ड वापरून, ते आबांना फोन करत. सगळ्यांना फाडून खाणारा हा माणूस त्या फोनवर लोण्यासारखा मऊ व्हायचा. आबा पहिलं विचारायचे, "कंपनी काय म्हणते?" आणि साडू, ज्यांनी अर्ध्या तासापूर्वी माझ्या टीपॉयवर मूठ आपटून कंपनीच्या सात पिढ्या उद्धरलेल्या असत, ते म्हणायचे, "जोरात आहे, आबा. नवीन मॉडेल येतंय. उजव्या स्टिअरिंगचं काढणार म्हणतात." "मग काढू दे," आबा म्हणायचे, "घाई नाही." मी एकदा मध्येच म्हटलं, "आबांना असंच बोलवा की, विमानाने येतील, माझ्या गाडीतून आणू." साडूंनी फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही यात पडू नका." अशी दहा वर्षं गेली. आबा ऐंशीला टेकले.

आणि मग त्या मंदीच्या वर्षी बातमी आली की ही कंपनी आता बंद. साडू दोन आठवडे कामावर गेले, घरी आले, पण बोलले नाहीत. मला वाटलं सुटलो. तर एका शुक्रवारी आमच्या सगळ्या मंडळींच्या मोबाईलवर मेसेज आला: "रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. कृपया यावे." आता आमच्यात माणूस गेल्यावर तेरावं वगैरे करत नाहीत, पुण्यानुमोदन करतात. वंदना, आठवणी, दोन शब्द, जेवण. कोणाचं पुण्यानुमोदन ते मेसेजात लिहिलं नव्हतं, कारण साडूंच्या मते ते जगाला माहीत होतं. आणि ज्याच्या घरी माणूस गेलंय त्याला "कोण हो गेलं?" असं फोन करून विचारणारा निलाजरा आमच्यात कोणी नाही. सगळ्यांनी आपापल्या मनाशी ठरवलं की औरंगाबादचे वडील गेले. वयही झालं होतं.

माझ्या बायकोने मात्र ताईला फोन केला. ताई रडत नव्हती, संतापली होती. "गाडीचं करतायत," ती म्हणाली, "मी कुठे तोंड लपवू?" मी रविवारी नऊलाच सेरंगून गाठलं आणि साडूंना फैलावर घेतलं. म्हटलं, हा धम्माचा विधी आहे, पोरखेळ नाही, लोखंडाच्या गाडीसाठी लोकांना पांढरे कपडे घालायला लावता, काही लाज? ते शांतपणे खुर्च्या मांडत म्हणाले, "साडू, पंचाऐंशी वर्षांची कंपनी गेली. तिकडे कोणी दोन चांगले शब्दसुद्धा बोललं नाही. हिशेबनीस आले, कुलूप लावून गेले. आपण बोलू." समोर टेबलावर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, आणि त्यांच्याकडे त्या गाडीचा असलेला एकुलता एक फोटो. काळापांढरा. गाडी लांबलचक, आणि तिच्या दाराला टेकून उभे असलेले तरुण आबा, छाती पुढे काढून. त्या फोटोला हार घातलेला.

तो हार बघून पुढे काय होणार ते मला दिसत होतं, आणि मी दारातच प्रत्येकाला सांगणार होतो. पण पहिल्याच बाई आल्या त्या हुंदका देत आल्या आणि मेव्हणीच्या गळ्यात पडल्या. त्यांच्यामागून युनिव्हर्सिटीत संशोधन करणारी दोन मुलं, बरोबर मेणबत्त्या. मग इंजिनियर मंडळी, सहकुटुंब. सगळ्यांनी फोटोपुढे फुलं वाहिली, हात जोडले. मी दारात उभा राहून नुसत्या चपला सरळ करत राहिलो. त्रिशरण-पंचशील झालं. साडू उभे राहिले. "ती कधी थांबली नाही," त्यांनी सुरुवात केली, आणि मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. तेवढ्यात कोपऱ्यातला फोन वाजला. मेव्हणीने उचलला आणि ऐकता ऐकता साडूंपुढे धरला. "आबा," एवढंच म्हणाली.

आयुष्यभर इंजिनाच्या आवाजावर मात करून बोललेला माणूस तो. साडूंनी फोन कानाला लावला तरी आबा अख्ख्या हॉलला ऐकू येत होते.

"मी गेलो म्हणून कळलं," आबा म्हणाले. "शेजारचे मास्तर सकाळीच हार घेऊन आले. त्यांच्या पोराने तिकडून फोन केला म्हणे. दार मीच उघडलं. त्यांना घाम फुटला, त्यांना आता चहा दिलाय. कार्यक्रम कसा चाललाय?"

संशोधन करणारा मास्तरांचा मुलगा खुर्चीत जेवढा लहान होता येईल तेवढा लहान झाला. मगाशी हुंदके देणाऱ्या बाईंनी रुमाल पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन मोठ्याने लावली.

"आबा, तुमचा नाही," साडू म्हणाले.

"मग कोणाचा?"

साडूंनी एकदा आमच्याकडे बघितलं. तीस माणसं पांढऱ्या कपड्यात बसली होती. "कंपनी गेली, आबा," ते म्हणाले. "बंद केली. मी तुम्हाला सांगितलं नाही. कधीपासूनच बरी नव्हती."

मग आबांनी विचारलं, "म्हणजे ती गाडी आता मिळायची नाही?"

"नाही."

"काहीच करता येणार नाही?"

"नाही, आबा."

"बरं," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम हलका झाला. "मग माझं तिकीट काढ. लेका, मला गाडीचं काय करायचंय? मी तर ती पाच वर्षं चालवली. तू शब्द दिला होतास, आपण मध्येच आलो तर तुला खाली बघावं लागेल, म्हणून थांबलो होतो."

साडू फोन धरून तसेच उभे राहिले. मग माझी मेव्हणी उठली, तिने आधी फोटोवरचा हार काढला आणि मग सगळ्यांना पानावर बसवलं. खीर उत्तम झाली होती. जाताना लोक साडूंचा हात हातात घेऊन म्हणत होते, "वाईट झालं," आणि ते गाडीबद्दल म्हणत होते की त्या दहा वर्षांबद्दल, ते मी कोणाला विचारलं नाही. मला मात्र त्या दोघांचाही असा राग आला होता की सांगता सोय नाही. एक तिकडे थांबला मुलाचा शब्द मोडू नये म्हणून, एक इकडे थांबला बापाला दिलेला शब्द पाळायचा म्हणून, आणि विमान रोज येत-जात होतं.

आबा शाळेच्या सुट्टीत आले. रविवार होता, माझी लाल पाटीची गाडी घेऊन आम्ही विमानतळावर गेलो. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, हातात एक पिशवी, ताठ चाल. गाडीपाशी आल्यावर आबांनी काय केलं, तर पुढे होऊन मागचं दार उघडलं आणि मुलासाठी ते धरून उभे राहिले. जन्माची सवय. साडूंचा चेहरा असा झाला की मी डिकीत उगाच सामान हलवत बसलो. "आबा, तुम्ही पुढे," ते म्हणाले. आबा पुढे बसले, पट्टा लावून घेतला, डॅशबोर्डवर हात फिरवला आणि मला म्हणाले, "छान आहे हो तुमची गाडी. आवाजच नाही." मी आरशातून मागे बघितलं. कपडे धुण्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

आमच्याकडे जेवणं झाल्यावर मुलीने हट्ट धरला की आबांना एलआरटी दाखवायची. मी साडूंकडे बघितलं. म्हटलं, आता आबांसमोर बिनड्रायव्हरच्या गाडीवर व्याख्यान होणार, ड्रायव्हर जातीचा अपमान वगैरे. फलाटावर गाडी आली. पुढची जागा रिकामी होती. माझी मुलगी सवयीने धावली, बसली, आणि लगेच उठून म्हणाली, "आबा, यू सिट, लाह. फ्रंट इज बेस्ट."

आबा बसले नाहीत. काचेतून पुढे बघत त्यांनी विचारलं, "ड्रायव्हर कुठाय?"

"ड्रायव्हर नसतो, आबा," साडू म्हणाले.

"मग ही जागा कोणाची?"

साडू काही बोलायला गेले आणि थांबले. इतक्या वर्षांत मी त्यांना वाक्य अर्धवट सोडताना पाहिलं नव्हतं. मग ते म्हणाले, "कोणाचीच नाही, आबा. जो आधी येईल तो बसतो. कोणी विचारत नाही."

आबांनी ते ऐकलं, टोपी नीट केली, आणि बसले. साडू मागे दांड्याला धरून उभे राहिले. दारं मिटली, गाडी हलली. इमारतींमधून वळत वळत ती सरळ रुळावर आली, तेव्हा मी बघितलं, आबांचा उजवा पाय किंचित पुढे सरकला होता. साडूंनीही बघितलं. ते वाकले आणि आबांच्या कानाशी म्हणाले, "दाबा, आबा."

आमचं स्टेशन आलं आणि गेलं. त्या दुपारी आम्ही गोल तीन फेऱ्या मारल्या, आणि कंपनीचं नाव कोणी काढलं नाही. आबा महिनाभर राहून परत गेले, आणि नंतर दोन वर्षांनी खरोखरच गेले. आता साडू रविवारी येतात, चहा मागतात, माझ्या गाडीला एक शब्द बोलत नाहीत. एलआरटीत ते हल्ली मागे उभे राहतात आणि पुढची जागा पोरांना देतात. मला ते मुळीच आवडत नाही. मागच्याच रविवारी मी एका पोराला उठवून त्यांना तिथे बसवलं.